दातांवरच्या चौकटी

शेवटची तार निघाली तशी नववीतल्या मिथिलाने सगळ्या दातांवरून जीभ फिरवली. “आई, किती गुळगुळीत लागतायत,” ती म्हणाली आणि दातांच्या डॉक्टरबाईंकडून आरसा मागून घेतला.

दातांवरच्या तारा खरं तर अजून बरेच महिने राहायच्या होत्या. पण मेंदूतल्या गाठीवर उपचार सुरू करण्याआधी तोंडातला सगळा धातू काढून या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीला बाहेर बसवून त्यांनी आणखीही काही सांगितलं होतं. आईने ते दातांच्या डॉक्टरबाईंच्या तेवढं कानावर घातलं होतं, लेकीपासून मात्र पोटातच ठेवलं. डोकेदुखीची तपासणी आहे, एवढंच ती मिथिलाला म्हणाली होती.

“हे काय?” मिथिलाने आरसा जवळ धरला. जिथे क्लिपा चिकटवल्या होत्या, त्या जागांभोवती खडूने गिरवल्यासारख्या पांढऱ्या चौकटी उमटल्या होत्या.

“क्लिपांच्या कडेला ब्रश नीट पोचला नाही की इनॅमल असं कमजोर पडतं. ही पेस्ट रोज लावायची,” डॉक्टरबाई सवयीने बोलून गेल्या, “वर्षभरात डाग फिके होतात.” मग त्यांना आठवलं, आणि त्या ट्रेमधली हत्यारं उगाच इकडची तिकडे करू लागल्या.

“मोठी ट्यूब द्या,” आई घाईघाईने म्हणाली. “सगळ्यात मोठी असेल ती.”

मिथिलाने आरसा मांडीवर पालथा ठेवला.

“छोटीच घे, आई,” ती हळूच म्हणाली. “मोठी वाया जाईल.”