आतून मारलेला थर

“आतनं मार,” प्रेमलाआक्का म्हणाल्या.

समर्थनं तोंडावरचा मास्क खाली केला. बेळगावात उद्यमबागेत त्याची शेड होती. पिकअपच्या हौद्यांना रबरासारखा चिवट थर तो फवाऱ्यानं मारून द्यायचा. मशीन टेम्पोत घालून बोरगावला आला होता आणि होडीला पहिल्यांदाच हात लावत होता.

“आज्जी, पाणी भायेरनं येतंय. आतनं न्हाय.”

“भायेरनं एक हात मार. आतनं दोन. कोपरे सोडू नको.”

अंगणातले लोक हसले. एके काळी हीच होडी वल्हवणारा म्हातारा रवळू म्हणाला, “आक्का होडी उलटी घालून चालवणार बगा.”

“तू वल्ही घास,” आक्का म्हणाल्या.

होडी लांबरुंद आणि खोल होती. तंबाखूची बोदं, वैरण, भांगलणीच्या बायका, सगळं तिच्यातून दूधगंगेपलीकडच्या रानात जायचं. आक्का नवरी म्हणून आल्या त्याही तिच्यातूनच, मांडीवर शालू गोळा करून. पुढं पूल झाला आणि होडी गोठ्यामागं पडली. पुलावरून गाडी जायची, पण रानापर्यंत नाही. पुढं बांधाबांधानं चालावं लागायचं. गुडघे गेल्यापासून आक्कांनी रान बघितलं नव्हतं.

त्यांच्या मुलाला, वृषभला, ते रान विकायचं होतं. सही आक्कांची लागणार होती.

“कोण जातंय आई तिकडं?”

“मी.”

“मग मिरगाचा पाऊस लागायच्या आत ये की पलीकडं. कशी पण ये. आलीस तर विकायचं नाव काढणार न्हाय. न्हाय आलीस तर सही करायची.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी होडी गोठ्यामागून अंगणात ओढून घेतली.

वृषभ आधी चिडला. मग त्याला गंमत वाटू लागली. होडी थेट रानाच्या काठाला लागते, हे तो विसरलाच होता. “आमची म्हातारी लई हुशार,” तो चावडीवर सांगत सुटला. ओढून न्यायला ट्रॅक्टर त्यानंच कबूल केला.

कॉम्प्रेसर धडधडू लागला. समर्थ होडीत उतरला. करड्या रंगाचा फवारा लाकडावर बसायचा आणि बघता बघता घट्ट व्हायचा. जुन्या फळ्यांतल्या चिरा दिसेनाशा झाल्या. लोक टाचा उंचावून बघत होते. काम झालं तसं समर्थनं त्यावर पाय आपटून दाखवला.

“कुऱ्हाडीनं पण फुटायचं न्हाय.”

आक्कांची नात दिव्या सुट्टीला बेळगावहून आली होती. रोज सकाळी ती आज्जीच्या गुडघ्यांचा व्यायाम घ्यायची. तिनं आज्जीला होडीशेजारी उभं केलं.

“काठ कंबरेच्या वर येतोय.”

“बरं झालं,” वृषभ म्हणाला. “पडायची भीती न्हाय.”

मग दिव्यानं होडीच्या दोन्ही अंगाला वाळूची पोती रचून घेतली.

“वाळायला ठेवताय व्हय?” समर्थनं विचारलं. “ते कवाच वाळलंय.”

“असू दे,” दिव्या म्हणाली.

सकाळी वृषभ ट्रॅक्टर घेऊन आला. मागून निम्मी गल्ली आली. रवळूनं खांद्यावर वल्ही घेतली होती, डोक्याला नवा पटका होता. नदीकाठावर पोरं आधीच जाऊन बसली होती.

अंगणात विहिरीच्या मोटारीचा आवाज चालू होता. पाइपच्या तोंडाला गाळणीचं पांढरं फडकं करकचून बांधलेलं होतं, आणि त्यातून गाळून येणारं पाणी धो धो होडीत पडत होतं. होडी जवळजवळ काठापर्यंत भरली होती. बाहेर मात्र एक थेंब नव्हता.

“अगं बुडवलीस की!” वृषभ ओरडला.

होडीत कंबरभर पाण्यात प्रेमलाआक्का उभ्या होत्या, लुगड्याचा काचा मारून. दिव्या त्यांचा हात धरून समोर उलटी चालत होती. आक्कांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

“दुखतंय काय गं आज्जी?”

“न्हाय. पाण्यात गुडघ्यावर भारच येत न्हाय. हात सोड.”

या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आक्का वळल्या. ट्रॅक्टरकडं बघून म्हणाल्या, “परत ने रं तो. मिरगाच्या आत रानात मी चालत येणार हाय.”