शिंगाला बांधलेला पट्टा

गाव रिकामं करायचा हुकूम आला, पण होडीत जनावरांना जागा नव्हती. तेव्हा शेवंताक्कानं आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि गाभण म्हशीच्या, चंद्रीच्या शिंगाला आवळून बांधला. धरणाचे दरवाजे चालवणारं यंत्र या पट्ट्यांवरूनच माणसं ओळखायचं आणि ज्या काठावर माणूस नाही, तिकडं पुराचं पाणी वळवायचं.

“आता म्हशीलाच माणूस समजंल त्ये,” ती नवऱ्याला म्हणाली. “गोठ्यात थेंब यायचा न्हाई.”

तिचं बघून साऱ्या गावानं तेच केलं. दावणीला वैरण टाकून माणसं पलीकडच्या काठावर, शाळेत जाऊन बसली.

खिडकीतून शेवंताक्का गावाकडं टक लावून होती. गोठ्यांच्या दिशेनं चढत आलेलं पाणी खरंच ओसरू लागलं. गोठे कोरडेच राहिले.

“वाचली गं माझी बाय!” म्हणत तिनं हात जोडले, आणि तिची नजर आपल्याच मोकळ्या मनगटावर पडली. मग शेजारणीच्या. मग नवऱ्याच्या.

“अवं,” तिनं नवऱ्याचा दंड धरला, “ह्या काठाला त्येला आता कोण दिसतंय?”

नवऱ्यानं तोंड उघडलं, तोवर पाणी शाळेच्या उंबऱ्याच्या आत आलं होतं.

पलीकडं कोरड्या गोठ्यात चंद्री निवांत रवंथ करत होती.