मण्यांवरचं ॲसिड

यशवर्धनने ॲसिडचा बीकर फेकला तेव्हा निशिगंधाच्या हातात मण्यांचा ट्रे होता. तिने तोच तोंडापुढे धरला. चेहरा वाचला, उजवा हात कोपरापर्यंत पेटला.

"सर को बताएगी? मेरी रीडिंग फर्जी है, बताएगी?"

तो तिच्याच टेबलावर, तिच्याच बरोबरीने पीएचडी करणारा. त्याने केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार इतक्यात तिच्या डाव्या हाताला लोखंडी स्टँड लागला. तिने मागचापुढचा विचार केला नाही. गुडघ्यावर हाणला, तो वाकला तसा खांद्यावर हाणला, आणि ओरडत खाली पडला तरी आणखी एक हाणला. लॅब सांभाळणाऱ्या देवेंद्रजींनी त्याला फरफटत स्टोअररूममध्ये कोंडून कडी घातली. आतून तो दारावर लाथा घालू लागला.

ट्रे सिंकमध्ये पडला होता. निशिगंधाने नळ सोडला.

"पाणी नको! मण्यांवर पाणी नको!" दारातूनच श्रीरामसर किंचाळले. ते तिचे गाइड. धावत येऊन त्यांनी आधी ट्रे उचलला. तिने डाव्या हातानेच पोलिसांना फोन लावला आणि जळता हात धारेखाली धरला.

एन्झाइमला ॲसिड लागलं की ते मेलंच समजायचं. तिने तीन वर्षं खपून ते काचेच्या जेलमध्ये कोंडलं होतं, साबुदाण्याएवढ्या मण्यांत. बाहेर काय वाट्टेल ते होवो, आतलं जगावं म्हणून. पण इतकं कडक ॲसिड घालून पाहायची तिची कधी छाती झाली नव्हती.

सरांनी घड्याळ पाहत वाट पाहिली. मग चार मणी चिमट्याने उचलले, धुतले, तपासणीच्या द्रावणात टाकले. द्रावण पिवळंधमक झालं.

"जिंदा आहे! अगं, एकदम जिंदा! अकरा मिनट, बेटा, सीधा ॲसिडमध्ये! असा रिझल्ट लोकांना पूर्ण लाइफमध्ये भेटत नाही."

ते पिवळं पाहून क्षणभर तिलाही आनंद झाला. मग त्या आनंदाचीच शिसारी आली. हातावरची कातडी सुटून लोंबत होती.

"सर, पोलीस येताहेत."

सरांचा चेहरा उतरला. "मतलब लॅब सील. मणी सगळे जब्त. मग थीसिस कशावर लिहिशील? तुकोगंजला माझा दोस्त आहे डॉक्टर, चुपचाप पट्टी करवून घेऊ. यशवर्धनला मी समजावतो ना."

"बाहर निकलने दे बस, छोडूँगा नहीं!" स्टोअररूमचं दार हादरलं. देवेंद्रजींनी पाठ लावून ते दाबून धरलं. सर लॅबच्या वहीत लिहीत होते.

ठाण्यातून शिखा नावाची शिपाई आली. सरांनी वही तिच्यापुढे धरली. "कुछ नहीं, मैडम. एक्सपेरिमेंट में छोटा-सा हादसा हो गया. देखिए, सब लिखा है."

शिखाने वही पाहिली, दाराकडे पाहिलं आणि निशिगंधाकडे वळली. "आप बोलो, दीदी."

निशिगंधाने वही मागून घेतली. सरांच्या नेटक्या इंग्रजीत लिहिलं होतं : 'मण्यांवर तीव्र ॲसिड टाकले. अवधी अकरा मिनिटे.' तिने डाव्या हातात पेन धरून 'मण्यांवर' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझ्या तोंडावर'.

"निदान दहा मणी ठेव," सर पुटपुटले. "बेटा, तीन साल आहेत तुझे."

तिने ट्रे उचलून शिखाच्या हातात दिला. वहीही द्यायला निघाली, पण थांबली. लॅबच्या वहीत खाडाखोड केली की शेजारी तारीख घालून सही करायची, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. तिने डाव्याच हाताने तारीख घातली, सही केली.