अण्णांची निवड

"अण्णा, दोन खोल्यांच्या घरात ग्रेट डेन? वासराएवढा होतो तो!" मी वडिलांवर वैतागले.

कुत्र्यांच्या दुकानातलं पॉमेरियनचं पिल्लू त्यांच्या मांडीवर केव्हाच झोपलं होतं. एका हाताने ते त्याला थोपटत होते आणि दुसऱ्याने पिंजऱ्यातल्या दांडग्या पिल्लाकडे बोट दाखवत होते.

"तोच घेऊ."

"पण का?"

"तो आठ-नऊ वर्षं जगतो. तेवढं माझ्याने निभेल. हे मात्र पंधरा वर्षं काढेल. मी गेल्यावर दारात वाट बघत बसेल गं."

मग मी दुकानदाराकडे सगळ्यात लहान पट्टा मागितला.

"हेच न्यायचं," मी अण्णांना म्हणाले. "आणि याला सोडून कुठे जायचं नाही. सांगून ठेवते."