तारा नसलेली जागा

"गच्ची नाही म्हणजे नाही, आई! कठडा गुडघ्याएवढा. तोल गेला तर?"

निनादने जिन्याच्या दाराला कुलूपच ठोकलं. लीलावतीबाईंनी पतंग मुकाट्याने खाली ठेवला. वय अडुसष्ट, पण नागपूरच्या माहेरी तयार झालेला हात अजून शाबूत होता. बरखेड्याच्या या क्वार्टरच्या गच्चीवर चाळीस संक्रांती त्यांनी पतंग उडवला आणि यजमानांनी, विनायकरावांनी, दोऱ्याची चक्री धरली. चैत्रात विनायकराव गेले. जायच्या आधी दोन दिवस बजावून गेले, "संक्रांत चुकवू नकोस हं, लीला."

संक्रांतीला चार दिवस होते. सुरक्षित जागाच हवी ना याला? मग शोधू की!

पुढचं अंगण म्हटलं, तर निनाद म्हणाला, "वर तारा आहेत." शाहपुऱ्याचा तलाव म्हटलं, तर म्हणाला, "काठाने रस्ता जातो. दोरा एखाद्या बाईकवाल्याच्या गळ्यात अडकायचा." खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून बाई चिडल्याही नाहीत. चष्मा लावून एकेक अट कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेल्या. चिनी मांजाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, तरी या वर्षी नुसता सुती दोराच आणला. रोज सकाळी काठी टेकत टेकत अख्खा सेक्टर पालथा घातला.

संक्रांतीला पतंग-चक्री काखोटीला मारून त्यांनी निनादला हाताला धरून कॉलनीच्या मैदानावर नेलं.

"दाखव तारा. आहेत? रस्ता भिंतीपलीकडे, शंभर पावलांवर. जमीन सपाट, वारा पाठीशी. बोल आता!"

निनादने आजूबाजूला पाहिलं. मैदानाच्या तिन्ही बाजूंना ओळखीच्यांच्या बाल्कन्या. शेजारच्या मंजूषा वहिनी तर तिळगुळाचं ताट हातात घेऊन कठड्यावरून वाकून बघत होत्या.

"आई, बाबांचं वर्षसुद्धा झालं नाही अजून," तो खाली बघत म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

अस्सं! चार दिवस कठडा, तारा, बाईकवाला, आणि पोटात हे! लीलावतीबाईंना रडू आलं. त्याहून जास्त संताप आला. त्यांनी काठी खाली टाकली, चक्री त्याच्या हातात कोंबली आणि दोऱ्याला एक ठुमका दिला. पतंग सरसर वर चढला.

"निदान त्या झाडांमागे तरी चल ना," निनाद पुटपुटला.

"झाडांमागे? तिथे पतंग अडकतो, एवढंही कळत नाही का तुला?" त्यांनी पदराने डोळे पुसले, पण नजर आभाळातून काढली नाही. "नीट धर चक्री. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं याच बाल्कन्यांसमोर धरली. त्यांना नाही कधी लाज वाटली."