नववा माणूस

पूर आलाय असं धरून घेतलेली तालीम साडेदहाला संपली. घाटाच्या शेवटच्या पायरीला शाळेची गच्ची मानायचं ठरलं होतं. तिथून आठ माणसं बोटीत घेऊन पैलतीरी पोचवायला अकरा मिनिटं लागली. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या आपत्ती विभागाच्या लोकांनी फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकले. आता मांडवात भाषणं व्हायची होती, आणि पहिलं दगडाबाईचं होतं.

तिला बोलवायचं उत्कर्षानं ठरवलं होतं. सांगलीच्या आपत्ती कक्षाची ती अधिकारी. दगडाबाईच्या नवऱ्याची, ज्योतिबाची गोष्ट तिनं स्वतः कराडला, शिराळ्याला, आष्ट्याला प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली होती. सहा वर्षांपूर्वीचा पूर, शाळेची गच्ची, बोटीत आठच माणसं मावायची. ज्योतिबा नववा. तो म्हणाला, यांना न्या, मी थांबतो. बोट परत यायला चाळीस मिनिटं लागली, तोवर शाळेची भिंत गेली होती, आणि तिच्याबरोबर ज्योतिबाही. माणसांनी धीर धरला तर बोट उलटत नाही, हे पटवायला याहून चांगली गोष्ट नव्हती.

दगडाबाईनं भाषणाआधी एकच मागणी केली. तिला बोटीतून एक फेरी मारायची होती. त्या दिवसानंतर ती बोटीत बसली नव्हती. बाई घाबरेल असं वाटत असूनही उत्कर्षानं राजारामला हाक मारली. पुराच्या दिवशी बोट त्यानंच चालवली होती. आता तो तालुक्यातल्या पोरापोरींना बोट शिकवायचा. त्यानं दगडाबाईच्या जॅकेटचे पट्टे आवळले. एकाच गावात राहून सहा वर्षांत ती दोघं कधी धड बोलली नव्हती.

नदीच्या मध्यावर तिनं हातानं खूण केली. राजारामनं इंजिन बंद केलं.

त्या दिवशी ती बोटीच्या पुढच्या टोकाला होती, नात मांडीवर घेऊन. पाऊस आणि इंजिनच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं. राजारामचा हात नवऱ्याच्या छातीवर टेकलेला तेवढा दिसला होता.

"तवा मालक काय म्हनलं?" तिनं विचारलं.

राजारामनं नेहमीचं सांगायला सुरुवात केली. यांना न्या म्हनलं, मी थांबतो म्हनलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते लोकास्नी सांग," ती म्हणाली. "मी त्येंच्यासंगं एकतीस वर्सं काढल्यात."

बोट हळूहळू खाली वाहत चालली. राजारामनं वल्ह्यानं बोटीचं तोंड सरळ केलं.

"मला घे म्हनलं," तो म्हणाला. "दोनदा म्हनलं. बोटीची दोरी धरली हुती, सोडंनात. मी त्येंची बोटं सोडवली, काकू."

दगडाबाई त्याच्याकडं वळली. तिनं विचारलं, मग सगळ्यांना खोटं का सांगितलंस. राजाराम म्हणाला, दुसऱ्या दिवशी साहेब लोक विचारायला आले तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होता. तुमच्यासमोर बोटांचं सांगवलं नाही. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि मग जो तो मलाच ती गोष्ट सांगायला लागला.

"चल," ती म्हणाली.

मांडवात उत्कर्षानं तिची ओळख करून दिली. त्यागाचं उदाहरण, असं काहीसं ती बोलली. टाळ्या झाल्या. दगडाबाईला माइक कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं, तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"आमचं मालक पाण्याला लय भ्यायचं," ती म्हणाली. "त्येनी जागा सोडली न्हवती. त्येंला बी बोटीत यायचं हुतं. राजाराम न्हाई म्हनला, म्हनून आमी आठ जण हाय. इथनं फुडं सांगताना आसं सांगा."

एवढं बोलून तिनं माइक टेबलावर ठेवला आणि पदर सावरत खाली येऊन बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उत्कर्षाच्या हातात तिच्या भाषणाचे कागद होते. पहिल्याच पानावर ज्योतिबाचं नाव होतं. तिनं कागद उलटे करून मांडीवर ठेवले, आणि निवेदकानं दोनदा नाव घेतलं तरी ती उठली नाही. शेवटी कराडच्या पथकप्रमुखांना बोलवावं लागलं. ते पावसाच्या अंदाजावर बोलले.

राजाराम मांडवात आलाच नव्हता. घाटावर बोट बांधून तो पायरीवर बसला होता. जॅकेट अजून अंगातच होतं. माइकवरचं सगळं त्याला तिथं ऐकू आलं होतं. त्याच्याकडून बोट शिकायला आलेली शिराळ्याची अक्षता पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. ती दोन दिवसांपासून वहीत सगळं टिपून घेत होती. आता वही तिच्या हातात नव्हती.

"सर, मग नवव्या माणसाला काय सांगायचं?"

"न्हाई म्हनायचं," राजाराम म्हणाला.

तो जॅकेटचे पट्टे सोडायला लागला. अक्षता जायला वळली, तेव्हा तो पुन्हा बोलला.

"आन् त्येचं नाव इचारून ठिवायचं."