बिनलेबलचा पिंग

"मामा, मी सांगते तसंच टाइप करा," ती मुख्य ऑफिसातल्या स्पीकरफोनवर म्हणाली. "घाई नको."

"करतो मॅडम. जरा चष्मा शोधतोय."

खोलीत हशा पिकला. तारमामांचा चष्मा हा ऑफिसातला जुना विनोद होता. मामा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. केबल ओढता ओढता राऊटरपर्यंत पोचलेले. तीही हसली, जरा जास्तच.

सकाळपासून त्या शाखेवरून इस्पितळाचे रिपोर्ट पुढे सरकत नव्हते. इस्पितळवाले करार मोडायची भाषा करत होते. साहेबांनी दम भरला होता, ज्याने हा घोळ घातला त्याला आजच नारळ.

"अगं, पण पिंग तर लागतोय! हाक मारली की पलीकडून ओ येतेय!" साहेब वैतागले.

"साधा पिंग बिनलेबलचाही जातो, साहेब. इस्पितळाचं सगळं लेबलवर चालतं."

ते खरंच होतं. प्रत्येक राऊटर माहितीच्या पुडक्यावरची चिठ्ठी, म्हणजे लेबल, वाचतो, ती काढून नवी डकवतो आणि पुढे ढकलतो. आत काय आहे हे बघायच्या फंदात तो पडत नाही. मधल्या एकाने चिठ्ठी डकवणं सोडलं की पुडकं तिथेच बेवारस.

हे सांगताना तिचे कान तापले होते. काल संध्याकाळी मामांच्या शाखेतल्या राऊटरची सेटिंग तिनेच घरून बदलली होती. साधा पिंग लागला, तेवढ्यात बाबांची जेवायला हाक आली आणि तिने लॅपटॉप मिटला. लेबलची तपासणी राहूनच गेली. नवशिक्यालाही शोभू नये अशी चूक, आणि पुढच्या आठवड्यात तिची बढती ठरायची होती.

"मॅडम, शेवटच्या पोर्टवर लेबल बंद दिसतंय."

"चालू करा."

तिने लेबलचा पिंग सोडला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनबोभाट गेला. रिपोर्ट धडाधड येऊ लागले, कुणीतरी टाळी वाजवली.

साहेब स्पीकरकडे वाकले. "बंद कुणी केलं होतं?"

त्या राऊटरमध्ये सगळे एकाच नावाने शिरत, त्यामुळे नोंदीत काही सापडणार नव्हतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं.

पलीकडे मामा खाकरले. "माझ्याच हातून झालं असेल, साहेब. काल जरा खटपट करत होतो. वय झालं आता."

"मग घरीच बसा. उद्यापासून येऊ नका."

"बरं, साहेब."

फोन बंद झाला. "सुंठीवाचून खोकला गेला," शेजारचा म्हणाला. साहेबांनी तिची पाठ थोपटली. शरमेने तिला मान वर करवेना, पण तिने तोंड उघडलं नाही ते नाहीच. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तिला शाळेपासून पाठ होती. चोराला काय वाटतं ते आज कळलं.

ती घरी पोचली तेव्हा दार बाबांनीच उघडलं. कंपनीचं ओळखपत्र अजून त्यांच्या गळ्यातच होतं, आणि ऑफिसातल्या विनोदाचा तो चष्मा कपाळावर.

"साहेबांना तुझा संशय नाही ना आला?" त्यांनी हळूच विचारलं.